दोरखंडाकडून साखळदंडाकडे : नांगर-बंधनाच्या तंत्राचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जहाजाचा नांगर हा सागरी इतिहासातील सर्वपरिचित घटक असला तरी नांगर आणि जहाज यांना जोडणाऱ्या बंधनाचा स्वतंत्र विचार मराठीत क्वचितच झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे बंधन प्रामुख्याने वनस्पतिजन्य दोराचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची जागा लोखंडी साखळीने घेतली. हा बदल केवळ 'कमजोर दोर जाऊन मजबूत साखळी आली' अशा स्वरूपाचा नव्हता. साखळीने दोराचे काही दोष दूर केले आणि त्याच वेळी पूर्वी नसलेला एक धोका निर्माण केला. त्या धोक्याला उत्तर म्हणून चाचणी, शिक्का आणि कायदा यांची व्यवस्था उभी राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रक्रियेचा मागोवा घेण्यात आला आहे.

प्रस्तावना

समुद्रप्रवासाचा इतिहास सामान्यतः नवे प्रदेश, व्यापारी मार्ग आणि नाविक युद्धे यांच्या अंगाने लिहिला जातो. जहाज चालले कसे, याची चर्चा त्यात विस्ताराने येते. जहाज थांबले कसे, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक शिडाच्या जहाजाला वारा प्रतिकूल असताना, खडकाळ किनारा जवळ असताना किंवा बंदरात धक्का नसताना नांगर हाच एकमेव आधार होता. नांगर कितीही उत्तम असला तरी त्याला बांधलेला दोर तुटला तर तो निरुपयोगी ठरे. शेकडो माणसांचे प्राण आणि लक्षावधी रुपयांचा माल एका दोरावर किंवा एका कडीवर अवलंबून असे. म्हणूनच या बंधनाचा इतिहास हा तंत्रज्ञानाचा इतिहास असण्याबरोबरच सुरक्षिततेच्या सामाजिक कल्पनेचाही इतिहास आहे.

उद्दिष्टे

१. नांगर-बंधनाच्या कार्यामागील तत्त्व स्पष्ट करणे.
२. दोराकडून साखळीकडे झालेल्या संक्रमणाची कारणे तपासणे.
३. साखळीच्या वापरातून उद्भवलेल्या चाचणीच्या व्यवस्थेचा व कायद्याचा आढावा घेणे.
४. या इतिहासाचा भारतीय किनाऱ्याशी असलेला संबंध पाहणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

साखळीने दोराचा पूर्णतः पराभव केला नाही. दोन्ही साधनांनी नांगर-बंधनाच्या वेगवेगळ्या गरजा भागविल्या, हे या लेखाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केलेला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

विषय विवेचन

१. नांगर धरतो कसा?

नांगर आपल्या वजनाने जहाज रोखून धरतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. दगडी नांगरांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु टोकदार फाळ असलेला लोखंडी नांगर मुख्यतः तळाच्या मातीत रुतून धरतो. मराठीत शेतातील आणि जहाजावरील अशा दोन्ही साधनांना 'नांगर' हा एकच शब्द आहे. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, ही तुलना तत्त्व समजून घेण्यास उपयुक्त ठरते. बैलांची ओढ जमिनीलगत राहिली तर फाळ मातीत शिरतो. मागचा भाग खाली दाबून फाळाचे टोक वर काढले की तो मातीबाहेर येतो. समुद्रतळावरही हेच घडते. ओढ आडवी असेपर्यंत नांगर अधिकाधिक रुततो. ओढ वरच्या दिशेने होऊ लागली की तो उखडतो.

ही ओढ आडवी ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बंधनाची लांबी वाढविणे. दहा मीटर खोल पाण्यात तीस मीटर दोर सोडला आणि तो ताठ झाला तर त्याचा तळाशी होणारा कोन सुमारे १९ अंशांचा असतो. सत्तर मीटर सोडल्यास तो सुमारे ८ अंशांवर येतो. दोराने नांगरताना खोलीच्या निदान सातपट लांबी सोडावी, या संकेतामागे हेच गणित आहे. दुसरा मार्ग म्हणजे बंधनच जड करणे. जड साखळी आपल्या वजनाने खाली झोळ घेऊन तळावर पडून राहते. त्यामुळे नांगराला लागणारी ओढ जवळपास आडवी राहते आणि कमी लांबी पुरते. टांगलेल्या साखळीच्या या झोळाचे गणित हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी १६९१ मध्ये मांडले होते. जहाजांवर साखळीचा सार्वत्रिक वापर मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळाने सुरू झाला.

याशिवाय तिसरी गरज आहे ती धक्का सोसण्याची. लाटेवर जहाज उसळते तेव्हा बंधनाला एकाएकी हिसका बसतो. साखळीचा झोळ वर उचलला जात असताना हा हिसका हळूहळू जिरतो. वाऱ्याचा जोर वाढून साखळी ताठ झाली की जिरविण्यास काहीच उरत नाही. दोर वजनाने हलका असला तरी ताणला जातो आणि धक्का स्वतःत सामावून घेतो. वजन, लांबी आणि ताण या तीन गुणांच्या आधारे पुढील सर्व इतिहास समजून घेता येतो.

२. प्राचीन परंपरा : दगड, दोर आणि एक अपवाद

नांगराचे आद्य रूप म्हणजे भोक पाडलेला दगड. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा दगडी नांगरांची परंपरा दीर्घकाळ टिकून होती. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी द्वारका, बेट द्वारका तसेच महाराष्ट्रातील विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या ठिकाणी केलेल्या सागरी पुरातत्त्वीय शोधांतून दगडी नांगर उजेडात आले आहेत. त्यांतील लांब चौकोनी घडणीच्या एका प्रकारास 'इंडो-अरब' प्रकार म्हटले जाते. या दगडांतील भोके हाच त्यांना बांधलेल्या दोरांचा पुरावा होय, कारण दोर पाण्यात कुजून नाहीसे झाले आणि दगड तेवढे उरले. इतिहासाच्या साधनांत बंधनापेक्षा नांगराला अधिक स्थान मिळण्याचे हेही एक कारण असावे.

या दोर-परंपरेला प्राचीन काळातच एक ठळक अपवाद आढळतो. इ. स. पूर्व ५६ मध्ये ज्युलियस सीझरने आजच्या फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील वेनेती लोकांशी युद्ध केले. त्यांच्या जहाजांचे वर्णन करताना त्यांचे नांगर दोराऐवजी लोखंडी साखळ्यांना बांधलेले असत, अशी नोंद त्याने केली आहे. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात बलबरी येथेही लोहयुगातील लोखंडी नांगर साखळीसह सापडलेला आहे. याचा अर्थ साखळीची कल्पना नवी नव्हती. मग ती पुढे अठराशे वर्षे मागे का पडली? याचे उत्तर कल्पनेत शोधून मिळत नाही, ते लोखंडाच्या उत्पादनात सापडते. एकसारख्या प्रतीचे लोखंड मोठ्या प्रमाणात व परवडणाऱ्या दरात उपलब्ध नव्हते. शेकडो कड्यांपैकी प्रत्येक कडी सारखीच भक्कम आहे, याची खात्री करून घेण्याचे साधनही नव्हते.

३. दोराचे युग

युरोपीय आरमारांच्या विस्ताराबरोबर नांगराचा दोर हा राज्यांच्या चिंतेचा विषय बनला. हेम्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भांगवर्गीय वनस्पतीच्या वाखापासून हे दोर वळले जात. ब्रिटिश आरमारातील प्रथम श्रेणीच्या युद्धनौकांवरील नांगराच्या दोराचा घेर सुमारे २४ इंच असे, म्हणजे त्याची जाडी जवळपास माणसाच्या मांडीइतकी भरे. त्याची लांबी शंभर वावांच्या आसपास असे. एक वाव म्हणजे सहा फूट. सागरी मैलाच्या सुमारे दहाव्या भागाला नाविक भाषेत 'केबल' म्हणतात. नांगराच्या दोराची लांबी हेच अंतराचे माप झाले, यावरून दोराचे त्या जगातील स्थान लक्षात येते.

इतका लांब दोर सलग वळण्यासाठी तितकीच लांब इमारत आवश्यक होती. इंग्लंडमधील चॅटम येथील गोदीत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली दोरशाळा सुमारे ३४६ मीटर लांब आहे. मुंबईतही काळा घोडा परिसरातील 'रोप वॉक लेन' हे गल्लीचे नाव किल्ल्याच्या भागातील जुन्या दोर-व्यवसायाची आठवण जपून आहे.

जहाजावर हा दोर हाताळणे हे अत्यंत कष्टाचे काम होते. एवढा जाड दोर नांगर ओढण्याच्या उभ्या रहाटाला गुंडाळता येत नसे. त्यामुळे रहाटाभोवती दुसरा, तुलनेने बारीक दोर फिरवत ठेवून त्याला मोठा दोर लहान दोऱ्यांनी तात्पुरता बांधला जाई आणि पुढे सरकताच सोडला जाई. ओला, चिखलाने माखलेला दोर जहाजाच्या खालच्या मजल्यावर वेटोळे घालून ठेवावा लागे. तो तेथील मोठी जागा व्यापे आणि नीट वाळला नाही तर कुजे.

४. दोराच्या मर्यादा

दोराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घर्षण. चिखलाच्या वा वाळूच्या तळावर तो टिके. खडक आणि प्रवाळ यांच्या धारेवर मात्र काही तासांत झिजून तुटे. युरोपीय जहाजे उष्ण कटिबंधातील समुद्रात शिरू लागली तशी ही अडचण तीव्र झाली. फ्रेंच दर्यावर्दी बुगेनव्हिल याची जहाजे एप्रिल १७६८ मध्ये ताहिती बेटाजवळ थांबली असता अवघ्या नऊ दिवसांत त्यांचे सहा नांगर गमावले गेले. लोखंडी साखळ्या जवळ असत्या तर ही हानी टळली असती, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद केले आहे. व्यवहारातील गरज येथे स्पष्टपणे व्यक्त झालेली दिसते.

दुसरी मर्यादा राजकीय होती. ब्रिटनला लागणारा बहुतांश हेम्प रशियातून, बाल्टिक समुद्रामार्गे येत असे. जुलै १८०७ मध्ये नेपोलियन आणि झार अलेक्झांडर यांच्यात टिल्झिट येथे तह झाला व रशिया ब्रिटनविरोधी व्यापारबंदीत सामील झाला. आरमाराचे दोर शत्रूच्या मर्जीवर अवलंबून असणे हे ब्रिटनला परवडणारे नव्हते. याच काळात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातील ताग अर्थात सण, तसेच इतर वाखांकडे लक्ष वळविले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय वाखांच्या ताकदीचे प्रयोग केले. दोराच्या टंचाईने अशा प्रकारे एकीकडे भारतीय वाखांच्या अभ्यासाला आणि दुसरीकडे लोखंडी साखळीला चालना दिली.

५. साखळीचा उदय

साखळीला आवश्यक असलेली भौतिक पूर्वतयारी यापूर्वीच झाली होती. हेन्री कॉर्ट याने १७८३ व १७८४ मध्ये लोखंड शुद्ध करण्याच्या आणि खाचांच्या लाटण्यांतून सळया काढण्याच्या पद्धतींचे एकस्व मिळविले होते. त्यामुळे एकसारख्या जाडीच्या सळया मोठ्या प्रमाणावर मिळू लागल्या. साखळीची कडी म्हणजे अशी सळई तापवून, वाकवून, तिची टोके घणाने सांधून केलेले वळेच होय.

१८०८ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थ शील्ड्स येथील रॉबर्ट फ्लिन याने 'ॲन अँड इझाबेला' या जहाजासाठी नांगराची साखळी बनविली. त्याच सुमारास ब्रिटिश आरमारातील अधिकारी सॅम्युअल ब्राऊन याने 'पेनेलोपी' हे जहाज साखळ्यांनी सज्ज करून वेस्ट इंडीजपर्यंत नेऊन आणले. दोराचे जेथे हाल होत, त्याच समुद्रात ही परीक्षा घेतली गेली, हे लक्षणीय आहे. या प्रयोगाने आरमाराचे लक्ष वेधले. १८१३ मध्ये थॉमस ब्रंटन याने कडीच्या मध्यभागी आडवा आधार बसविण्याच्या सुधारणेचे एकस्व घेतले. या आधारामुळे ताण बसताच कडी दबून लांबट होत नसे आणि साखळीला गाठी व पीळ पडत नसत. मोठ्या जहाजांच्या साखळीतील कडीला आजही असा आधार असतो.

ब्राऊनचे कार्य केवळ जहाजांपुरते मर्यादित राहिले नाही. लोखंडाच्या ताणशक्तीविषयी मिळालेल्या अनुभवाच्या बळावर त्याने इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील ट्वीड नदीवर १८२० मध्ये झुलता युनियन पूल उभारला. साखळ्या ताणून पाहण्याचे यंत्रही त्याने आपल्या कारखान्यात बसविले. साखळी बनविणे आणि साखळी तपासणे ही दोन कामे सुरुवातीपासूनच परस्परांशी निगडित होती, असे यावरून म्हणता येते.

साखळीमुळे जहाजाची अंतर्गत रचनाही बदलली. रहाटावर कड्या अचूक बसतील अशा खाचा असलेली चाके आली. साखळी आपोआप खाली उतरून साठेल अशी कोठी नाळेजवळ तयार झाली. दोराने व्यापलेली जागा मोकळी झाली, मोठा दोर तात्पुरता बांधण्या-सोडण्याचे काम संपुष्टात आले आणि कमी खलाशांकडून नांगर उचलणे शक्य झाले. साखळी पंधरा-पंधरा वावांच्या, म्हणजे सुमारे २७.४ मीटरच्या तुकड्यांत बनवून ते तुकडे सुटणाऱ्या कड्यांनी जोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सदोष तुकडा बदलणे किंवा संकटसमयी साखळी सोडून देणे सोपे झाले. पुढील काही दशकांत मोठ्या जहाजांवरील मुख्य नांगराचे बंधन म्हणून दोराचा वापर जवळजवळ संपला.

६. साखळीचा नवा धोका

झिजलेला दोर आपली अवस्था सांगतो. त्याचे तंतू सुटतात, पीळ उसवतो, हाताला आणि डोळ्याला धोका कळतो. अनेक पेडांपैकी एक तुटला तरी उरलेले काही काळ भार पेलतात. साखळीचे तसे नाही. तिची ताकद तिच्या सर्वांत दुर्बळ कडीइतकीच असते, आणि सांध्यात राहिलेला मळ किंवा अपुरी तापलेली जोड बाहेरून दिसत नाही. दोराच्या बाबतीत तांडेलाचा अनुभव पुरेसा होता. साखळीच्या बाबतीत अनुभवी डोळाही फसू शकत होता. मागणी वाढली तशी स्वस्त आणि निकृष्ट साखळ्यांची समस्याही वाढली.

या प्रश्नाची भीषणता १८५९ मधील एका दुर्घटनेतून समोर येते. 'रॉयल चार्टर' हे वाफेचे यंत्र व शिडे असलेले लोखंडी जहाज ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून लिव्हरपूलकडे परतत होते. सोन्याच्या खाणींवरून परतणारे अनेक प्रवासी आणि मोठ्या प्रमाणावर सोने त्यावर होते. २५ ऑक्टोबरच्या रात्री वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ त्याला प्रचंड वादळाने गाठले. वाऱ्यापुढे यंत्राची शक्ती अपुरी पडल्याने दोन्ही नांगर टाकण्यात आले. २६ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास एका नांगराची साखळी तुटली आणि साधारण तासाभराने दुसरीही तुटली. डोलकाठ्या तोडूनही जहाज आवरले नाही. मोएल्फ्रे गावाजवळच्या खडकांवर आदळून ते फुटले व सुमारे ४५० माणसे मृत्युमुखी पडली. जहाजावरील एकही स्त्री अथवा मूल वाचले नाही.

जे सुमारे चाळीस पुरुष वाचले, त्यांच्या बचावाची हकीकत या विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. मूळचा माल्टा बेटावरचा खलाशी जोसेफ रॉजर्स हा कमरेला दोर बांधून उसळत्या समुद्रात उतरला आणि पोहत किनाऱ्यावर पोहोचला. त्या दोराच्या आधारे काही जणांना किनाऱ्यावर आणता आले. साखळ्या तुटल्यानंतर अखेरीस एका साध्या दोराने प्राण वाचविले. त्या रात्रीच्या वादळात नांगर-बंधनाच्या सर्व मर्यादा एकाच वेळी उघड झाल्या. साखळी ताठ होऊन झोळ संपल्यावर प्रत्येक लाटेचा हिसका थेट कड्यांवर येतो आणि तेव्हा केवळ मजबुती पुरत नाही, हे या दुर्घटनेवरून लक्षात येते.

या वादळानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये ब्रिटनमध्ये वादळाच्या पूर्वसूचना देण्यास आरंभ झाला. साखळ्यांच्या दर्जाचा प्रश्नही याच काळात ब्रिटिश संसदेपुढे आला आणि १८६४ मध्ये नांगर व नांगर-साखळ्यांसंबंधीचा कायदा संमत झाला. परवानाप्राप्त चाचणीगृहात ठरावीक ताण देऊन तपासल्याशिवाय आणि तसा शिक्का असल्याशिवाय साखळी जहाजासाठी विकण्यावर त्यामुळे बंधन आले. १८७१, १८७४ आणि १८९९ मध्ये या व्यवस्थेत पुढील कायद्यांनी भर घातली. 'ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे' हे तत्त्व व्यापारी जगात मान्य असलेल्या काळात राज्यसंस्थेने एका वस्तूच्या दर्जाची जबाबदारी निश्चित केली, ही बाब लक्षणीय आहे. नांगराच्या कडीतला दोष खलाशाला दिसू शकत नाही. म्हणून तो समाजाने त्याच्या वतीने शोधला पाहिजे, हा विचार या कायद्यामागे होता.

७. साखळी घडविणारे हात

चाचणीगृहात शिक्का बसण्यापूर्वी प्रत्येक कडी कोणाच्या तरी हातून सांधली जात असे. इंग्लंडमधील 'ब्लॅक कंट्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यात नेदरटन व क्रॅडली हीथ ही साखळीनिर्मितीची प्रमुख केंद्रे होती. मोठ्या जहाजांच्या जाड साखळ्या कारखान्यांत पुरुषांचे गट घडवीत. लहान साखळ्यांचे काम बहुतांशी स्त्रिया घरामागच्या छपरातील भट्टीवर, अत्यल्प मोबदल्यात करीत. १९०९ च्या व्यापार मंडळ कायद्यान्वये त्यांच्यासाठी किमान वेतन ठरविण्यात आले. परंतु अनेक मालकांनी ते देण्याचे टाळले. त्याविरुद्ध १९१० मध्ये क्रॅडली हीथच्या स्त्रियांनी मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली दहा आठवडे लढा दिला आणि तो यशस्वी झाला. या स्त्रिया जहाजाच्या मुख्य साखळ्या घडवीत नव्हत्या, हे खरे. तथापि साखळीच्या कडीमागे मानवी श्रम आहेत आणि त्या श्रमांना न्याय्य मोल मिळाले पाहिजे, हा मुद्दा या लढ्याने सार्वजनिक चर्चेत आणला.

८. भारतीय किनारा आणि काथ्याचा दोर

भारतीय महासागराच्या परिसरात नांगर-बंधनासाठी नारळाच्या काथ्याचा दोर प्राचीन काळापासून प्रचलित होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने मालदीव बेटांतून हिंदुस्थान, चीन व येमेनकडे निर्यात होणाऱ्या काथ्याचे वर्णन केले आहे. काथ्याने शिवलेले जहाज लवचीक असल्याने खडकावर आपटूनही टिकते. खिळ्यांनी जोडलेले जहाज फुटते, असे त्याचे निरीक्षण होते. हे निरीक्षण जहाजाच्या फळ्यांविषयीचे असले तरी काथ्याचा तोच गुण नांगराच्या दोरातही उपयोगी पडे. काथ्या हेम्पपेक्षा कमजोर. पण तो खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, हलका असल्याने तरंगतो आणि मोठ्या प्रमाणात ताणला जातो.

भारतीय वाखांवरील १८५५ मधील आपल्या ग्रंथात जॉन फोर्ब्स रॉयल यांनी काथ्याचीही दखल घेतली. मद्राससारख्या उघड्या किनाऱ्यावर, जेथे जहाजांना आडोसा नव्हता, तेथे या लवचीकपणाला विशेष मोल होते. युरोपीय नाविकांनीही साखळीबरोबर काथ्याचे जाड दोर धक्का शोषून घेण्यासाठी वापरात ठेवले. कोकण किनाऱ्यावरील मचवे, पडाव आणि गलबते यांच्या तांडेलांना दोराची लांबी वाढविण्याचे व ताण सोसण्याचे गणित पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ते त्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होते. साखळीच्या इतिहासाची मांडणी करताना या ज्ञानाची नोंद घेणे आवश्यक ठरते.

९. दोर आणि साखळी यांचा संयोग

विसाव्या शतकात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. १९३३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी शेतातील नांगराच्या फाळासारखा दिसणारा हलका नांगर तयार केला. मराठीत शब्दाने जोडलेली दोन साधने येथे प्रत्यक्ष आकारानेही एकमेकांजवळ आली, असे म्हणता येईल. १९३५ मध्ये वॉलेस कॅरदर्स यांच्या संशोधनातून नायलॉन जन्माला आले. नायलॉनचा दोर कुजत नाही आणि तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाव भागाइतका किंवा त्याहूनही अधिक ताणला जातो. काथ्याचा ताण आणि हेम्पहून अधिक बळ असे दोन्ही गुण त्यात एकत्र आले.

परिणामी लहान नौकांवर दोराचे पुनरागमन झाले. मात्र ते एकट्याने झाले नाही. नांगराला लागून काही मीटर साखळी आणि तिच्यापुढे नौकेपर्यंत नायलॉनचा दोर, ही पद्धत जगभर रूढ झाली. तळाशी साखळी असल्याने खडक व प्रवाळ यांच्याशी होणारे घर्षण ती सोसते आणि आपल्या वजनाने ओढ आडवी ठेवते. वरचा दोर लाटांचे हिसके जिरवतो आणि नौकेच्या नाळेवरचे वजन कमी ठेवतो. बुगेनव्हिलची अडचण आणि 'रॉयल चार्टर'चा अनुभव या दोहोंचे उत्तर या संयोगात आढळते. मोठ्या जहाजांनी साखळीच कायम ठेवली, कारण त्यांना जड साखळी वाहून नेणे व यंत्राने उचलणे शक्य आहे. साधनाची निवड शेवटी जहाजाचा आकार, तळाचे स्वरूप आणि हवामान यांवर अवलंबून राहते.

निष्कर्ष

१. नांगर-बंधनाची सुरक्षितता केवळ मजबुतीवर अवलंबून नसून वजन, लांबी आणि ताणले जाण्याची क्षमता यांच्या मेळावर अवलंबून असते.

२. साखळीची कल्पना प्राचीन असली तरी तिचा सार्वत्रिक वापर एकसारख्या लोखंडाचे उत्पादन, उष्ण कटिबंधातील समुद्रप्रवासाची गरज आणि १८०७ नंतर धोक्यात आलेला हेम्पचा पुरवठा या तीन कारणांच्या संयोगाने शक्य झाला.

३. साखळीने घर्षण व कुजण्याचा दोष दूर केला. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषाचा नवा धोका निर्माण केला. त्यातून चाचणी, शिक्का आणि १८६४ पासूनचे कायदे यांची व्यवस्था आकारास आली.

४. काथ्याच्या दोराची भारतीय महासागरातील परंपरा ही मागासलेपणाची खूण नसून लवचीकपणाच्या तत्त्वावर आधारलेले व्यवहारज्ञान होते. नायलॉनच्या रूपाने तेच तत्त्व पुन्हा स्वीकारले गेले.

५. दोर व साखळी यांचा आजचा संयुक्त वापर लक्षात घेता, साखळीने दोराचा पूर्णतः पराभव केला नाही हे गृहीतक ग्राह्य ठरते.

समारोप

तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवे साधन जुन्याची जागा घेते, असे सरळ चित्र रंगविण्याची सवय असते. नांगर-बंधनाचा इतिहास त्या चित्राला छेद देतो. येथे नव्या साधनाने जुन्याचे दोष दाखवून दिले आणि जुन्या साधनाने नव्याच्या मर्यादा भरून काढल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वादळी रात्री जहाज धरून ठेवणारी कडी ही लोखंडाइतकीच तिला घडविणाऱ्या कारागिराची, तपासणाऱ्या यंत्रणेची आणि तिच्यावर विसंबून झोपणाऱ्या खलाशाची असते. यांपैकी एक दुवा जरी कच्चा राहिला, तरी त्याची किंमत खलाशी व प्रवासी यांना आपल्या प्राणांनी मोजावी लागते, हे मोएल्फ्रेच्या किनाऱ्यावरील दुर्घटनेने दाखवून दिले आहे.